जांबोटी ते सुरीन: परदेशात इंग्रजीची बाई म्हणून पहिलं वर्ष

थायलंडच्या सुरीन जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत इंग्रजी शिकवण्याचं माझं पहिलं वर्ष मार्च 2025 मध्ये पूर्ण झालं. सध्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आहे, खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. गावात, बसमध्ये, बेळगावच्या बाजारात भेटेल तो एकच विचारतो, "तिकडं इंग्रजी शिकवायला आपल्या माणसाला घेतात होय?" निपाणी-चिक्कोडीकडच्या बी.एड. झालेल्या काही मुलींनी ओळखीतून नंबर मिळवून फोनही केले. प्रत्येकीला तुटक सांगण्यापेक्षा सगळं क्रमानं लिहून ठेवते. मी या कामाला लागले तेव्हा थायलंडच्या नियमांची माहिती इंग्रजीत भरपूर मिळाली. पण आमच्या भागातलं मार्क्स कार्ड, त्यावर लिहिलेलं नाव आणि नेटवर्क नसलेलं गाव, एवढ्यावरून काय काय अडतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालं. घरी मराठी, शाळेत मराठीच्या जोडीला कन्नड आणि इंग्रजी, बसची पाटी आणि तहसीलचा अर्ज कन्नडमध्ये. बी.ए.ला इंग्रजी घेतलं, पदवी राणी चन्नम्मा विद्यापीठाची, मग बी.एड. केलं. त्यानंतर बेळगावात अनगोळला मामांकडे राहून एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नोकरी धरली. पगार 12,000 रुपये, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तोही नाही. शिकवायला आवडत होतं, मुलं चांगली होती, पण पाच वर्षांनीही पगार तिथंच राहणार हे स्पष्ट दिसत होतं.

जून 2023 मध्ये शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं की त्यांच्या नात्यातली मंगळूरची मुलगी थायलंडमध्ये इंग्रजी शिकवते. मी तिच्याशी बोलले. तिनं सांगितलेल्या अटी साध्या होत्या: कुठल्याही विषयाची पदवी, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना इंग्रजीच्या परीक्षेचा दाखला. टोएक परीक्षा असेल तर 990 पैकी किमान 600 गुण. बी.एड. सक्तीचं नाही, पण असलं तर शाळा जास्त विश्वास ठेवतात. घरी सांगितलं तेव्हा आई गप्प झाली. आप्पा म्हणाले, "जा की, पण कागद पक्के करून जा. तिथं गेल्यावर इथून मला काही करता यायचं नाही." पुढचं जवळजवळ वर्षभर मी आप्पांचं हेच वाक्य धरून चालले.

टोएक मी पुण्याला जाऊन दिली. बेळगावहून रात्रीची बस, सकाळी परीक्षा, रात्री परत. पुरेसे गुण मिळाले. त्याबरोबर परदेशी मुलांना इंग्रजी शिकवण्याचा 120 तासांचा ऑनलाइन कोर्स केला. कोर्स खरोखर उपयोगी होता, पण तो करताना पाऊस आडवा आला. जांबोटी भागात पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो. शनिवार-रविवारी गावी जाणं बंद केलं आणि धडे मामांच्या घरीच पूर्ण केले. गावात राहून कुणी हे करणार असेल तर कोर्स, मुलाखत, फॉर्म भरणं यासाठी शहरात एखादं घर आधीच ठरवून ठेवा.

ऑक्टोबरमध्ये कागदांना हात घातला. सगळ्यात जास्त वेळ इथंच गेला, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

पहिला प्रश्न नावाचा. माझ्या एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं सलग आहे. पदवीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आणि वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. पासपोर्टवर नाव वेगळं, आडनाव वेगळं. आपल्याला तिन्ही एकाच माणसाची वाटतात. परदेशातल्या कारकुनाला ती तीन वेगळी माणसं वाटू शकतात. नोटरीकडे प्रतिज्ञापत्र करून घेतलं की या तिन्ही नावांची व्यक्ती एकच आहे. त्याच्या मूळ प्रती एकीपेक्षा जास्त करून ठेवा, कारण प्रत्येक टप्प्यावर एक प्रत कुणीतरी ठेवून घेतं. पासपोर्ट अजून काढायचा असेल तर अर्जातलं नाव पदवीच्या नावाशी जुळवूनच भरा.

दुसरी गोष्ट पासपोर्टवरच्या ईसीआर शेऱ्याची, म्हणजे काही देशांत कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागेल असं सांगणाऱ्या शेऱ्याची. हा शेरा असलेल्यांना ज्या देशांत कामाला जाताना भारत सरकारची वेगळी परवानगी लागते त्या यादीत थायलंड आहे. दहावी पास असलेल्यांना हा शेरा लागू होत नाही, पण पासपोर्ट काढताना शिक्षणाचा दाखला जोडला नसेल तर तो शेरा येऊन बसतो. माझ्या पासपोर्टवर नव्हता. गावातल्या एका मुलाच्या पासपोर्टवर होता, त्याला पासपोर्ट नव्यानं करून घ्यावा लागला. शेवटचं पान आजच उघडून बघा.

तिसरी, पदवीवरचे शिक्के. अपोस्टिल म्हणजे करारातल्या सगळ्या देशांत चालणारा एकच शिक्का. थायलंड तेव्हा त्या आंतरराष्ट्रीय करारात नव्हता. त्यामुळे एका शिक्क्यावर काम भागत नव्हतं: आधी राज्याच्या उच्च शिक्षण खात्याचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग दिल्लीच्या थाई दूतावासाचा. बेळगावात मला एकानं "अपोस्टिल करून देतो, आठ दिवसांत" म्हणून सांगितलं होतं. तो कागद मला काही कामाचा झाला नसता. पैसे देण्याआधी कुठल्या देशासाठी कुठला शिक्का हे स्वतः तपासा. याखेरीज पदवी खरी असल्याचं विद्यापीठाचं पत्र लागतं. ते भुतरामनहट्टीला विद्यापीठातच अर्ज करून, फी भरून मिळालं. बंगळूरुच्या कामासाठी राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघायचं, सकाळी काम करायचं आणि त्याच रात्री परत फिरायचं. पुढचे दिल्लीचे शिक्के मी एका सेवा देणाऱ्यामार्फत केले. त्याला एकूण 16,000 रुपये गेले. माझ्या हिशोबात हाच खर्च सगळ्यात बोचला, पण शाळेतली नोकरी सांभाळून दिल्लीला जाणं शक्य नव्हतं.

कागद दिल्लीत असताना वाट बघण्यापलीकडे हातात काही नसतं. डिसेंबर आला, शाळेत गॅदरिंग झालं, घरी सुगी उरकली, आणि माझी मूळ पदवी कुठल्या टेबलावर आहे ते कळत नव्हतं. रात्री झोप लागायची नाही. मूळ कागद हातातून सोडताना प्रत्येक पानाचा दोन्ही बाजूंनी स्कॅन काढून ठेवला होता, तेवढाच आधार. जानेवारीच्या शेवटी कागद आले. आई त्यावरचे शिक्के एकेक करून बघत बसली होती.

थायलंडमधल्या शाळांचं वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं, त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल हा भरतीचा हंगाम. जाहिरातीत बऱ्याचदा स्पष्टच लिहिलेलं असतं की इंग्रजी मातृभाषा असलेलेच हवेत. काही ठिकाणी दोन पगार छापलेले असतात, एक त्यांच्यासाठी आणि एक आपल्यासाठी. मी बरेच अर्ज केले. अनेकांचं उत्तर आलं नाही. एका एजन्सीच्या माणसानं व्हिडिओ कॉलवर माझा नमुन्याचा तास बघितला, तास आवडला म्हणाला आणि मग म्हणाला, "पालकांनी विचारलं तर भारताचं नाव घेऊ नका, दक्षिण आफ्रिका सांगा." मी नकार दिला. नोकरीची गरज होती, तरी दिला. जिथं रोज चाळीस मुलांसमोर उभं राहायचं तिथं पहिल्याच दिवशी खोटं बोलून मला शिकवता आलं नसतं. तुम्हालाही असं कुणी सांगितलं तर दुसरी शाळा बघा. शाळा मिळतात.

सुरीनच्या शाळेची मुलाखत मार्चमध्ये झाली. इंग्रजी विभागप्रमुख पन्नाशीच्या थाई बाई होत्या. त्यांनी माझ्या उच्चारांबद्दल काही विचारलं नाही. "तुम्ही स्वतः इंग्रजी कशी शिकलात?" एवढंच विचारलं. मी सांगितलं की गावात इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं, शाळेत शब्द पाठ करायचो, वाक्य बोलायला कॉलेजमध्ये गेल्यावर सुरुवात झाली, आणि तोपर्यंत तोंड उघडायची किती भीती वाटायची. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. दोन दिवसांनी निवडीचं पत्र आलं: पगार महिना 22,000 बाथ, आठवड्याला 20 तास. तेव्हाच्या भावानं साधारण 51,000 रुपये.

मग पोलीस दाखला. पासपोर्टच्या संकेतस्थळावर अर्ज, 500 रुपये फी, बेळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात भेट, आणि गावच्या पत्त्यावर पोलिसांची चौकशी. गावातल्या पत्त्यावर तुम्ही राहत नसाल तर चौकशीच्या वेळी गावी जाऊन थांबा. व्हिसासाठी कर्नाटकाचे अर्ज चेन्नईच्या थाई वकिलातीच्या हद्दीत येतात. मुंबई आम्हाला जवळची आणि ओळखीची, पण पत्ता बेळगाव जिल्ह्यातला असला की चेन्नईच. लागतो तो नॉन-इमिग्रंट 'बी', म्हणजे कामासाठीचा व्हिसा, आणि त्यासाठी शाळेकडून आलेली कागदपत्रं. 13 ते 15 एप्रिल थायलंडमध्ये सोंगक्रान, म्हणजे त्यांचं नववर्ष असतं. त्याच्या आगेमागे शाळेतून एकही कागद हलत नाही. जे मागवायचं ते मार्चमध्येच मागवून घ्या. 1 जानेवारी 2025 पासून भारतीयांसाठी ई-व्हिसा सुरू झाला आहे, त्यामुळे आता कागद घरबसल्या चढवता येतात. 2025 मध्ये भारतीयांना फिरायला व्हिसाशिवाय प्रवेश मिळत होता, म्हणून "असेच या, इथं बघू" असं सांगणारे एजंट होते. तसं जाऊन शिकवणं बेकायदेशीर आहे.

निघेपर्यंत सगळं मिळून 90,000 रुपयांच्या आसपास खर्च झाला, विमानाच्या तिकिटासकट. त्यातले निम्मे माझ्या शिल्लकीतले, बाकीचे काजूच्या पैशातून आप्पांनी दिले. पहिल्या दोन महिन्यांच्या खर्चासाठी नेलेले पैसे वेगळे. ते नक्की न्या, कारण पगाराचं बँक खातं उघडायला वेळ लागतो. माझा पहिला पगार जूनच्या शेवटी झाला.

मेच्या पहिल्या आठवड्यात बंगळूरुहून बँकॉक, तिथून रेल्वेनं सुरीन. अंतर चारशे किलोमीटरच्या वर आहे. पूर्वेला जावं तशी भातशेती सुरू होते. उन्हानं तापलेली, नांगरून ठेवलेली, पावसाची वाट बघणारी. खिडकीतून तेवढं बघून जरा धीर आला. शाळेनं खोली बघून ठेवली होती, भाडं 3,000 बाथ. घरमालकानं परदेशी माणूस राहायला आल्याची खबर 24 तासांत इमिग्रेशनला द्यायची असते. तिला टीएम 30 म्हणतात. तिची पावती घरमालकाकडून मागून घ्या, पुढच्या प्रत्येक कामाला ती लागते. आणखी एक: सरकारी कागदांवर साल बुद्धाच्या कालगणनेनं असतं. 2024 म्हणजे 2567, 543 वर्षांचा फरक.

शाळा 16 मेला सुरू झाली. आठ वाजता राष्ट्रगीत, झेंडा, प्रार्थना, मग मैदानातच सूचना. सोमवारी थाई शिक्षक खाकी सरकारी गणवेशात येतात, शुक्रवारी अनेक जणी सुरीनच्या रेशमी लुंगीत. मला मथायोम 1 आणि 2 मिळाले, म्हणजे आपली सातवी-आठवी. वर्गात चाळीसच्या पुढं मुलं. हजेरीच्या यादीत लांबलचक नावं, पण हाक मारायची ती आइस, मिंट, बँक अशा टोपणनावांनी. ती टोपणनावं पहिल्याच दिवशी यादीत समोर लिहून घेतली, त्याचा फार उपयोग झाला.

पहिला महिना कठीण गेला. मी शिरले की सगळी मुलं उभी राहून एका सुरात "गुड मॉर्निंग टीचर" म्हणायची, मी "कसे आहात" विचारलं की एका सुरात ठरलेलं उत्तर द्यायची, आणि त्यानंतर शांतता. फळ्यावरचं वहीत सुंदर अक्षरात उतरवायची. एकटं बोलायला सांगितलं की मान खाली. ही भीती मला परकी नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात मी पुस्तक बाजूला ठेवलं. फळ्यावर माझं नाव मराठीत लिहिलं, खाली कन्नडमध्ये, खाली इंग्रजीत. सोप्या इंग्रजीत सांगितलं: ही माझ्या आईची भाषा, ही माझ्या राज्याची, आणि ही मी शाळेत शिकलेली तिसरी. तुमच्याएवढी असताना मीही बोलत नव्हते. वर्गात कुजबुज सुरू झाली. मागच्या बाकावरची मिंट उभी राहिली आणि अडखळत म्हणाली, आजीशी ती ख्मेर, म्हणजे कंबोडियाची भाषा बोलते, शाळेत थाई, आणि इंग्रजी तिचीही तिसरी. सुरीन कंबोडियाच्या सीमेवर आहे, तिथल्या खेड्यांत घरोघरी ख्मेर बोलतात. पण शाळेत लिहायची, वाचायची भाषा फक्त थाई. त्या दिवशी अर्ध्या वर्गानं हात वर केला. मग मी प्रत्येकाला घरी बोलतात ती, शाळेतली आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत पाच वस्तूंची नावं लिहून आणायला सांगितलं. पोरं आजीला विचारून आली. तो तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

त्यानंतर माझ्या शिकवण्याची पद्धतच बदलली. चाळीस जणांसमोर एकट्याला उभं करणं बंद केलं, आधी जोडीत बोलायचं, मग दोन जोड्यांनी एकत्र. इंग्रजी शब्दांच्या शेवटची व्यंजनं थाई मुलं गिळून टाकतात, 'हाउस' मधला 'स' ऐकूच येत नाही. त्यासाठी तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची, 'स'ला ती हलली पाहिजे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशा सहकाऱ्यांचे उच्चार माझ्यापेक्षा चांगले आहेत आणि मुलांनी ते ऐकायलाच हवेत. पण मूल कुठं अडतं आणि का अडतं हे मला आतून कळतं. त्याच तासांना त्यांना 32,000 बाथ आणि मला 22,000, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते आणि ती मी विभागप्रमुखांना शांतपणे सांगितली आहे.

जूनमधल्या एका गुरुवारी वाय ख्रू झाला, त्यांचा गुरुवंदनाचा सोहळा. शिक्षक मंचावर खुर्च्यांवर बसतात आणि मुलं गुडघ्यांवर चालत येऊन फुलांचं तबक देतात. केळीच्या पानाची घडी, त्यावर लाल झुपक्यांची फुलं, वांग्याची फुलं, तांदळाच्या लाह्या आणि दूर्वा. शेजारच्या बाईंनी समजावलं: वांग्याचं फूल खाली झुकतं म्हणून नम्रता, दूर्वा पसरते तशी विद्या पसरावी. माझ्यासमोर आलेल्या मुलाचे हात थरथरत होते. तबक कललं आणि लाह्या माझ्या मांडीवर सांडल्या. तो घाबरला, पण उठून गेला नाही. गुडघ्यांवर बसून एकेक लाही उचलून त्यानं परत तबकात ठेवली, मग पुन्हा पहिल्यापासून वाकून नमस्कार केला. मी खानापूरहून आलेली, पगारासाठी आलेली बाई. मला डोळे आवरता आले नाहीत.

कामाचा परवाना जूनमध्ये झाला. त्याला डॉक्टरांचा दाखला लागतो: कुष्ठरोग, क्षय, हत्तीरोग, उपदंश नाही आणि दारू-अमली पदार्थांचं व्यसन नाही. तिथल्या शिक्षक परिषदेकडून, म्हणजे खुरुसफाकडून, 2 वर्षांची तात्पुरती परवानगी शाळा मागवते. त्यासाठीच शिक्के मारलेली पदवी आणि विद्यापीठाचं पत्र लागलं. व्हिसा 90 दिवसांचा असतो, तो संपायच्या आत इमिग्रेशनकडून वर्षभराची मुदतवाढ घ्यायची, फी 1,900 बाथ. आमच्या भागाचं ऑफिस काप चोएंगला, चोंग चोम या कंबोडियाच्या नाक्याच्या बाजूला. शाळेतल्या एका बाई स्वतःच्या गाडीतून घेऊन गेल्या. झेरॉक्सच्या प्रत्येक पानावर निळ्या पेननं सही करावी लागली. पुढं दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा, 15 दिवस आधीपासून 7 दिवस नंतरपर्यंत. चुकलं तर दंड 2,000 बाथ. मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा.

खाण्याचं बोलायचं तर भात मुबलक आणि उत्तम, पण बहुतेक पदार्थांत माशाचा रस असतो. मी मासे-मटण खाते, तरी सोमवारी आणि गुरुवारी पाळते. त्या दिवशी खोलीतच भात-आमटी. घरून शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला आणि भडंग नेलं होतं. बेळगावची मिठाई कुंदा नेला तो शिक्षकांच्या खोलीत एका मधल्या सुट्टीत संपला. शुद्ध शाकाहारी असाल तर बोलायची पहिली दोन वाक्यं त्याविषयीचीच शिका.

थाई लिपी जरूर शिका. अक्षरं बघून घाबरायला होतं, व्यंजनंच 44 आहेत, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. पण त्यांचा क्रम आपल्या क, च, ट, त, प या वर्गांचाच आहे. त्यामुळे मराठी माणसाला तो लवकर बसतो. दिवाळीपर्यंत मी बसच्या पाट्या आणि विजेचं बिल वाचू लागले.

खर्चाचा हिशोब: 22,000 मधून सामाजिक सुरक्षेचे 750 बाथ कापले जायचे (2025 पर्यंतचा दर), त्यात ठरलेल्या सरकारी दवाखान्यात उपचार होतात. भाडं, वीज, जेवण, फोन, येणंजाणं धरून साधारण 12,000 बाथ. महिन्याला 8,000 ते 9,000 बाथ मागं पडतात. बँकॉकमध्ये याच पगारात एवढं राहणार नाही. आप्पांचे पैसे पहिल्या सत्रातच फिटले.

ऑक्टोबरच्या सुट्टीत दसऱ्याला घरी आले. देश सोडण्याआधी री-एंट्री परमिट काढायचं, एका वेळचं 1,000 बाथ, अनेक वेळांचं 3,800. ते न काढता बाहेर पडलं तर वर्षाची मुदतवाढ रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. दुसरं सत्र 1 नोव्हेंबरला सुरू होतं, त्यामुळे दिवाळीला थांबता आलं नाही. त्या दिवसांत माझ्या जुन्या मराठी शाळेत गेले आणि सातवीच्या मुलांकडून सुरीनच्या मुलांना इंग्रजीत पत्रं लिहून घेतली. गाव, घर, पाऊस, काय शेती करता, एवढंच. चुका तशाच ठेवल्या. माझ्या वर्गात ती पत्रं वाटली तेव्हा आइसनं विचारलं, "त्यांचीही इंग्रजी आमच्यासारखीच आहे?" आणि लगेच उत्तर लिहायला बसला. आता पत्रं नियमित जातात-येतात.

नोव्हेंबरात सुरीनचा हत्तींचा उत्सव असतो, शहरभर हत्ती आणि पाहुणे. त्याच महिन्यात सहकाऱ्यांबरोबर सिखोरफुमचं जुनं ख्मेर मंदिर बघितलं. दारावरच्या पट्टीवर दहा हातांचा नाचणारा शिव कोरला आहे. मला आमच्या हलशीच्या देवळाची फार आठवण आली आणि मी तिथं बराच वेळ थांबले.

परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटी झाल्या. तिथं सहसा नापास करत नाहीत, शून्य आलं तर पुन्हा संधी द्यायची, पुन्हा शिकवायचं. हे काम वेळखाऊ आहे आणि ते शिक्षकानंच करायचं असतं. मार्चमध्ये दुसऱ्या वर्षाचं कंत्राट झालं, पगार 24,000 बाथ. मुदतवाढ तिथंच पूर्ण करून, री-एंट्री घेऊन मग आले. शाळा बदलायची असती तर कामाचा परवाना आणि मुदतवाढ दोन्ही रद्द करून घ्यावे लागले असते, म्हणून तारखा जुळवल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

पुढच्या मेमध्ये कुणाला जायचं असेल तर जाहिराती फेब्रुवारीत येतील. मेपर्यंत टोएक, पोलीस दाखला आणि मुलाखत जमून जाते. पदवीवरचे शिक्के आणि नावाचं प्रतिज्ञापत्र मात्र याच पावसाळ्यात सुरू करा, विद्यापीठाचं पत्र त्याच्याही आधी मागा.